दोन वर्षांत एक नांगर – लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट



गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना एका मित्राचा मुलगा भेटला. कॉलेजची दोन वर्षे झाली आहेत, आणि गेल्या उन्हाळ्यापासून त्याने घरच्या गराजमध्ये सायकल दुरुस्तीचे छोटेसे दुकान काढले आहे. हाताला कसब आहे, काम चोख करतो, पण गिऱ्हाईक येत नाही. आतापर्यंत आले ते सगळे आपल्या मंडळातलेच, म्हणजे काका-मावशी! तेही बिचारे एकदा टायर बदलून घेतल्यावर वर्षभर परत येणार नाहीत. आईवडिलांचा सूर असा, की हौस पुरे झाली, आता इंटर्नशिप बघ. मुलाने मला विचारले की गिऱ्हाईक वाढवायचे कसे. मी आयुष्यभर नोकरी केलेला माणूस, मी काय सांगणार! पण सायकलचे दुकान म्हटल्यावर मला बेळगाव आठवले, आणि बेळगाव म्हटल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्याला हे नाव माहीत नव्हते. त्याच्या वडिलांना पंप आणि इंजिने माहीत होती, सायकलचे काही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे शाकुंतल आणि सौभद्र लिहिणारे, तेही याच गावचे. त्यामुळे दोघांची गल्लत बऱ्याच जणांची होते, माझीही लहानपणी होत असे. लक्ष्मणरावांचे लक्ष शाळेत नव्हते. चित्रे काढावीत आणि यंत्रे उलगडून पाहावीत, हे दोनच छंद. त्या काळी मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातल्या मुलाने कारकून, मास्तर किंवा वकील व्हायचे, एवढेच रस्ते होते. पण थोरले भाऊ रामचंद्र, ज्यांना सगळे रामुअण्णा म्हणत, ते पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले.

तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. मग त्यांनी यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे, मोर्चा वळवला, कारण त्याला रंग लागत नाहीत. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवण्याची नोकरी मिळाली. रीतसर इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये रिकाम्या वेळात हात काळे करायचे आणि अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिके वाचायची, हेच त्यांचे शिक्षण. आपल्याकडे ज्यांच्या भिंतीवर तीन-तीन डिग्र्या टांगलेल्या आहेत (मी धरून), त्यांनी हे जरा लक्षात घ्यावे.

नोकरी करत असतानाच १८८८ च्या सुमारास त्यांना सायकल दिसली. मुंबईच्या रस्त्यावर एक पारशी गृहस्थ दोन चाकांवर बसून चालला होता, आणि लक्ष्मणराव बघतच राहिले. सायकल तेव्हा खुद्द विलायतेतही नवी होती, हवेच्या टायरचा शोध नुकताच लागत होता. त्यांनी चौकशी केली आणि दोघा भावांनी धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकल विकत घेऊन पाठवायचे आणि रामुअण्णा ती बेळगावात विकायचे. बेळगाव हे लष्करी छावणीचे, कलेक्टर-कचेरीचे गाव. साहेब लोक, वकील, आसपासचे जहागीरदार यांची तिथे वस्ती. गिऱ्हाईक असलेच तर त्यांच्यातच असणार, कारण सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये! तेव्हाच्या मास्तरला महिन्याला दहावीस रुपये मिळत, यावरून अंदाज करा. आजच्या हिशेबात ती सायकल नव्हे, चांगली मोटार झाली.

यात एक गोष्ट मला फार आवडते. हे बंधू सायकल चालवायलाही शिकवत, आणि त्याचे पंधरा रुपये घेत. वरवर पाहता ही किरकोळ वरकमाई. पण विचार करा, ज्याने सायकल जन्मात पाहिलेली नाही तो हजार रुपये टाकून ती घेईल कशाला? घरी नेल्यावर चार लोकांसमोर पडला तर! म्हणजे शिकवणी ही विक्रीतलीच पहिली पायरी होती, आणि त्याचेही पैसे गिऱ्हाईक आनंदाने देत होते. आमच्या त्या सायकलवाल्या मुलाला मी एवढे मात्र सांगितले, की आपल्या कॉलनीत सायकल चालवता न येणारी किती मुले आहेत आणि किती त्यांच्या आया, ते मोज.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना मिळणार असे सगळे धरून चालले होते, पण मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. साल १८९७. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला होता, दख्खनमध्ये दुष्काळ होता, आणि हा बायको असलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस सरकारमान्य संस्थेतली पगारी नोकरी सोडून बेळगावला सायकलच्या दुकानात भावाच्या जोडीला येऊन बसला! घरात काय बोलणी झाली असतील याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी कधी नोकरी सोडायचा विचार घरी बोलून दाखवला आहे, त्यांना येईल. दुकानावर पाटी लागली, किर्लोस्कर ब्रदर्स. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

पण सायकलच्या धंद्यात एक खोट होती. माल दुसऱ्याचा. आज तुम्ही मागवता, उद्या शेजारचा मागवेल, आणि मग भाव पडणार. लक्ष्मणरावांनी अमेरिकन पवनचक्क्यांची एजन्सीही घेऊन पाहिली. विहिरीवर वाऱ्याने पाणी काढण्याची कल्पना छान, पण तोही माल परक्याचाच. त्यांना स्वतः काहीतरी बनवून विकायचे होते. आणि बेळगावच्या आसपास गिऱ्हाईक कोण? साहेब आणि वकील मूठभर. बाकी चहूकडे शेतकरी.

त्यांनी पहिल्यांदा बनवले ते कडबा कापायचे यंत्र. जनावराला अखखा कडबा टाकला की ते पाला खाते आणि ताटे तुडवते. तुकडे करून घातला तर वाया जात नाही. दुष्काळाच्या दिवसांत, जेव्हा वैरणीला सोन्याचा भाव, तेव्हा याचा उपयोग समजावून सांगावा लागत नव्हता. हे यंत्र हळूहळू खपू लागले आणि मग त्यांनी नांगर हातात घेतला.

१९०३ साली किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. त्याच वर्षी २८ मे रोजी सोलापुरात थोरला मुलगा जन्मला, शंतनू. दोन्ही बाळे एकाच वर्षाची म्हणायला हरकत नाही! त्यातले एक मात्र दोन वर्षे घरातच बसून राहिले. हो, पहिला लोखंडी नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली.

हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो, पण जरा थांबा. दोन वर्षे म्हणजे दोन पेरण्या, दोन सुगी, दोन दिवाळ्या. भट्टी पेटवायला कोळसा लागतो, कामगारांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि तयार नांगर पत्र्याच्या छपराखाली पडून आहेत. गावातले लोक काय म्हणत असतील? मास्तरकी सोडली, चांगला सायकलचा धंदा होता, तोही सोडून हा लोहार झाला!

शेतकरी नांगर का घेत नव्हते? सगळीकडे एकच कारण सांगितले जाते, की लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी त्यांची समजूत होती. ती समजूत होती हे खरेच. पण मला विचाराल तर एवढ्यावर सगळे ढकलून शेतकऱ्याला अडाणी ठरवणे बरोबर नाही. माझे आजोळ शेतकऱ्याचे आहे, म्हणून हे जरा अगत्याने लिहितो. लाकडी नांगर गावचा सुतार बनवून द्यायचा. तो बलुतेदार. त्याला रोख पैसे द्यावे लागत नव्हते, सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा दिला की वर्षभराची दुरुस्तीसुद्धा त्यातच आली. मध्यरात्री नांगर मोडला तरी सुतार चार घरे सोडून पलीकडे. आणि हा लोखंडी नांगर? रोख पैसे मोजून घ्यायचा, फाळ झिजला तर बेळगावला जायचे, आणि नाहीच चालला तर सुतारही रुसलेला! त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडून गेलेले. हातात पैसा कोणाच्या होता? अशा माणसाने नव्या वस्तूवर पहिला जुगार आपण का खेळावा?

दुसऱ्या बाजूला नांगराचे गुणही खरेच होते. जड लाकडी नांगर काळ्या जमिनीत ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत, आणि तरी तो जमीन चिरत जायचा, उलटवायचा नाही. लोखंडी नांगर मातीचा थर पालथा करतो. हरळी-कुंद्याच्या मुळ्या उघड्या पडून उन्हात वाळतात. पण हे सगळे नांगर शेतात उतरल्यावर दिसणार. दुकानात तो नुसता लोखंडाचा ठोकळा. सायकलसारखेच झाले, आधी चालवून बघायला हवी. फरक एवढाच, की सायकलच्या गिऱ्हाइकाकडे चैनीला पैसा होता, आणि नांगराच्या गिऱ्हाइकाचे वर्षभराचे अन्न त्यावर अवलंबून होते.

लक्ष्मणरावांनी या दोन वर्षांत नांगर सोडला नाही, आणि हट्टाने तोच तसाच विकत बसले असेही नाही. आपल्या लोकांच्या सवयीला, बैलांच्या ताकदीला, इथल्या मातीला जे जमेल तेच अवजार चालेल, परदेशी नांगराची नक्कल चालणार नाही, हे त्यांच्या मनात पक्के होते. शेवटी नांगर खपू लागले. एकाच्या रानात बांधापलीकडून दुसऱ्याने पाहायचे, हाच त्यांचा खरा प्रचार.

आणि जरा बस्तान बसते तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली! नगरपालिकेला वस्ती वाढवायला ती जागा हवी होती. भट्टी, यंत्रे, कामगारांचे संसार, सगळे घेऊन जायचे कुठे? भांडवल नाही, कर्ज द्यायला बँका तयार नाहीत. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणरावांनी त्यांच्यासाठी औंधला सभामंडपाचे काम केले होते आणि राजेसाहेबांना माणूस आवडला होता. गंमत पाहा, हे राजेसाहेब स्वतः उत्तम चित्रकार, आणि लक्ष्मणराव रंग न दिसल्यामुळे चित्रकला सोडलेले! त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडा म्हटले आणि बिनव्याजी कर्जही दिले.

कुंडल रोड नावाच्या छोट्या रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळ मिळाला. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि त्यात नागांची वस्ती. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा जन्मदिवस. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे तंबू-झोपड्यांत राहू लागली. त्या माळावर कोण कोण जमले होते ते पाहण्यासारखे आहे. रामुअण्णांनी गावाची आखणी केली. शंभोराव जांभेकर इंजिनिअर, मंगेशराव रेगे हिशेबनीस, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे व्यवस्थापक, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रे जुळवण्यात पटाईत. आणि राखणदार म्हणून तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, ज्यांच्यावर गुन्ह्यांचा शिक्का बसला होता. परीक्षेत नापास झालेले, कुठेच न जमलेले, समाजाने बाहेर टाकलेले, असेच बहुतेक. त्या वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा नियम होता. १९१० साली! सौ. राधाबाईंनी त्या माळावर संसार कसा केला असेल, त्यावर एक वेगळा लेख होईल. कोणी भगिनी लिहील का?

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले. गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत आले, पण आता लोखंड आणि कोळसा मिळेना! धंदा म्हणजे असाच असतो, एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. तरी कारखाना टिकला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे, रहाट, पंप अशी एकेक भर पडत गेली. शेतकऱ्याच्या एका कामासाठी एकदा विश्वास बसला, की तो दुसऱ्या कामाला विचारायला येतो. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली.

त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केले. आमच्या आईच्या पिढीने ज्यावर मराठी वाचायची गोडी लावून घेतली त्या किर्लोस्कर, स्त्री, मनोहर मासिकांचे मूळ हे. आणि ते मूळ म्हणजे काय, तर कारखान्याची बातमीपत्रिका! कोणता माल तयार आहे, तो कसा वापरावा, कारखान्यात काय चालले आहे, हे गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळवायचे साधन. वाचणाऱ्याला त्यात नुसती जाहिरात मिळाली नाही, वाचायलाही काही मिळाले, म्हणून ती वाढली. पुढे तिने स्त्रीशिक्षणापासून अंधश्रद्धेपर्यंत साऱ्या विषयांना हात घातला. नांगर विकता विकता महाराष्ट्राला एक मासिक मिळाले! (आपली ही पत्रिका चालवणाऱ्या आमच्या संपादक मंडळाला मी हे मुद्दाम ऐकवतो.)

अमेरिकेतल्या आपल्या वाचकांसाठी आणखी एक दुवा. १९२२ साली शंतनुराव आणि रामुअण्णांचा मुलगा माधव हे दोघे चुलत भाऊ बोस्टनला एमआयटीत शिकायला आले. जो बाप अमेरिकन मासिके वाचून यंत्रे शिकला, त्याचा मुलगा थेट त्या देशात. पण माधवला इथे क्षयाने गाठले आणि तो परत गेला नाही. ज्या रामुअण्णांनी धाकट्या भावाला मुंबईला शिकायला पाठवले, त्याच्या सायकली विकल्या, माळावर गाव आखले, त्यांचाच मुलगा गेला. लक्ष्मणरावांच्या यशाच्या गोष्टीत हे पान लोक सहसा उलटून पुढे जातात. शंतनुराव १९२६ मध्ये पदवी घेऊन एकटे परतले आणि कारखान्यात रुजू झाले. पुढे १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिने आणि बंगळुरात इलेक्ट्रिक मोटारी असे कारखाने उभे राहिले, ती मुख्यतः मुलांची कारकीर्द. लक्ष्मणरावांनी २६ सप्टेंबर १९५६ रोजी देह ठेवला. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले. मिरज-पुणे गाडीने जाताना अजून दिसते.

यातले बरेचसे मी त्या मुलाला परवा फोनवर सांगितले. दोन वर्षांत एक नांगर, हे ऐकून तो हसला आणि म्हणाला की मग मी बराच पुढे आहे, माझे आठ झाले. नंतर त्याने विचारले की पहिला नांगर घेणारा तो शेतकरी कोण होता. मला उत्तर देता आले नाही.

तर मंडळी, येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता आपल्या नेहमीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये तो मुलांना आणि मोठ्यांना सायकल शिकवणार आहे. पहिला धडा फुकट, पुढचे धडे पंधरा डॉलर. किमतीचा आकडा त्याचा त्यानेच ठरवला, मी काही बोललो नाही. हेल्मेट घरून आणावे, आणि ज्या काकूंनी लहानपणी राहून गेले म्हणून माझ्याकडे नाव दिले आहे त्यांनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून यावे, अशी त्याची नम्र विनंती आहे.